मिठाची गोळी

आमच्या आत्याबाईला बीपी नव्हता, हे अख्ख्या सौंसरात मला एकटीला ठाऊक होतं. तिचा मुलगा, सून, शेजारच्या बाया, सगळे हेच धरून चालत होते की बाईला बीपी आहे, दर तीन महिन्यांनी नागपूरला दाखवायला जाते, सकाळ-संध्याकाळ गोळी घेते. तिनंच तसं सांगून ठेवलं होतं. बीपीला आमच्याकडे मान आहे. बीपी असलेल्या बाईला कोणी भरलेली बादली उचलू देत नाही. डोक्याचा आजार म्हटलं की त्याच बाया पोरांना आत बोलावून दार लोटून घेतात.

मला कळलं ते माझ्या भोचकपणामुळे. माझी आई मी नऊ वर्षांची असताना गेली, तेव्हापासून उन्हाळ्याच्या सुट्या मी पांढुर्ण्याहून आत्याकडे येऊन काढायची. सोळा वर्षांची असेन, त्या वर्षी तिच्यासोबत छोट्या लाइनच्या गाडीनं नागपूरला गेले. दवाखान्याच्या बाहेर बाकावर मला पिशव्या राखायला बसवून ती आत गेली आणि अर्ध्या तासानं कोपराच्या खळगीत कापसाचा बोळा दाबून बाहेर आली. मी विचारलं, "आत्या, बीपीले रक्त कायले काढते?" तिनं पिशव्या उचलल्या आणि स्टेशनकडे चालायला लागली. परतीच्या गाडीत पुन्हा विचारलं. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा तिनं माझा हात असा धरला की बांगडी रुतली.

"बीपी नाई मले," ती हळूच म्हणाली. "डोक्याची गोळी आहे. मिठाचीच जात आहे म्हणते डॉक्टर, जमिनीतून निघते. रक्तात किती झाली ते पाहा लागते. कमी पडली तं काम नाई करत, जास्त झाली तं जहर. आता ऐकलं ना? कोणाजवळ बोलशील तं माह्या गेलेल्या माणसाची आन आहे तुले."

गेलेला माणूस म्हणजे तिचे यजमान. भला माणूस होता. दुसऱ्या बाळंतपणानंतर आत्याचं डोकं फिरलं तेव्हा ते यजमानांच्या नोकरीच्या गावी होते, सौंसरचं कोणी पाहायला नव्हतं. तिथल्या लोकांनी बाळंतवात म्हटलं आणि विषय सोडून दिला. पण बाळंतपण नसतानाही ते परत आलं, दोनदा, तीनदा. महिना-महिना तिची झोप उडायची. अंगणात सुरू केलेली रांगोळी ती थेट रस्त्यापर्यंत न्यायची, येणाऱ्या-जाणाऱ्याला हाताला धरून जेवायला बोलवायची. मग दोन-दोन महिने अंथरुणातून उठायची नाही, केसाला तेल लावू द्यायची नाही. यजमानांनी गुपचूप नागपूर गाठलं, आणि त्या गोळीनं आत्या माणसात आली ती आलीच. मी पाहिलेली आत्या तर अशी होती की सगळ्या मोहल्ल्याची लोणची तिला विचारून घातली जायची.

हे सगळं तिनं मला सौंसर येईपर्यंत सांगून टाकलं. बारा वर्षांचं मनात कोंडलेलं, मी विचारायला आणि तिनं सांगायला एकच गाठ पडली.

आता दादाचं सांगते. दादा माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. आई गेल्यावर माझी वेणी तो घालायचा. वाकडी घालायचा, पण रोज घालायचा, आणि शाळेत कोणी पोट्टी हसली तर तिच्या घरी जाऊन तिच्या आईला विचारायचा, बाई, सरळ कशी घालायची ते दाखवता का मले? पुढे तो पांढुर्ण्याजवळच्या एका गावात मिडल स्कूलला गणिताचा मास्तर झाला. फळ्यावर कंपासशिवाय, नुसत्या हातानं गोल काढायचा, आणि तो असा नेमका जुळायचा की तपासणीला आलेले साहेबही पाहत राहायचे. आमचे बाबा हेडमास्तर. लेक आपल्यापेक्षा चांगला मास्तर आहे हे ते चारचौघांत बोलून दाखवायचे, आणि त्यांच्या तोंडून कोणाची तारीफ निघणं म्हणजे काय होतं ते आम्हालाच माहीत.

ऐंशी साल उलटून वर्ष-दीड वर्ष झालं असेल, दादाची झोप गेली. आठ दिवस डोळ्याला डोळा नाही आणि थकवाही नाही. बोलायला लागला की आम्ही ऐकता ऐकता दमायचो. एक दिवस शाळेच्या मैदानात त्यानं चुन्याचा हा एवढा मोठा गोल आखला, पोरांना कडेनं उभं केलं आणि शाळा सुटली तरी सोडेना. आई-बाप न्यायला आले तर त्यांनाही उभं केलं. म्हणाला, हा गोल पांढुर्ण्यापर्यंत न्यायचा आहे, मले कानात सांगून राहिले. ते 'कानात सांगून राहिले' सगळ्यांनी ऐकलं आणि पुढे डॉक्टरांनीही लिहून घेतलं. नंतर तो भिंतीकडे तोंड करून निजला, तो दोन महिने.

मी त्याच्या तोंडात घास घालत होते आणि मला दिसत होतं. रांगोळी रस्त्यापर्यंत नेणारी आत्या आणि गोल पांढुर्ण्यापर्यंत नेणारा दादा. एवढं न दिसायला मी काही आंधळी नव्हते.

आत्यालाही दिसलं. ती पांढुर्ण्याला आली, दादाच्या उशाशी तासभर बसली, आणि मग स्वयंपाकघरात बाबांना म्हणाली, "भाऊ, याले माह्या डॉक्टरकडे ने. पण माहं नाव नको घेऊ तिथं. घरात सून नवीन आली आहे, पोराच्या सासरचे नागपूरचेच आहेत. मले नांदू दे." बाबा म्हणाले, "नाई घेत." मी चुलीपाशी होते. बाबांनी माझ्याकडे पाहिलं आणि मी खाली पाहिलं. तिघांनाही ठाऊक होतं की तिघांनाही ठाऊक आहे.

नागपूरला पॅसेंजरनं गेलो, बाबा, दादा आणि मी. डॉक्टर शांत माणूस होते, घाई नव्हती त्यांना. दादाला तपासून त्याला बाहेर बसवलं, आम्हाला आत ठेवलं. एक-एक विचारत गेले. झोप, जेवण, नोकरी, पडला-झडला होता का. मग म्हणाले, "आता नीट आठवून सांगा. घरात आधी कोणाला असा त्रास होता का? आजोबा, काका, चुलतभाऊ? आणि असेल तर त्यांना कोणतं औषध लागू पडलं, तेही सांगा. त्यानं मला फार मदत होते."

बाबा म्हणाले, "घरात कोणाले नाही."

मी आजवर त्या वाक्याचा कीस पाडत आले आहे. बाबा खोटं बोलणारा माणूस नव्हता. परीक्षेत कॉपी केली म्हणून सख्ख्या पुतण्याला नापास केलेला माणूस तो. आणि खरं सांगायचं तर ते खोटं बोललेही नाहीत. आमच्याकडे लेक दिली की ती त्या घरची. तिचं आडनाव बदलतं, तांदळात लिहून पहिलं नावही बदलतं, आणि उद्या ती गेली तर माहेरी सुतकसुद्धा तीनच दिवस. डॉक्टरांनी विचारलं घरात कोणाला, आणि आत्या घरात नव्हती, ती सौंसरच्या घरात होती. गंमत अशी की डॉक्टरही आमच्यातलेच. आजोबा विचारले, काका विचारले, चुलतभाऊ विचारला. आत्या विचारायचं त्यांनाही सुचलं नाही.

पण मला सुचलं होतं ना. माझ्या जिभेवर आलं होतं. एरवी नको तिथं तोंड घालणारी मी, त्या दिवशी टेबलावरच्या काचेखाली लावलेलं कॅलेंडर वाचत बसले. आत्याची शपथ होती हे खरं. पण शपथेचं कारण पुढे करायला मला लाज वाटते, कारण ते कारण नव्हतं. त्याच महिन्यात सौंसरचे लोक मला पाहून गेले होते. मुलगा तहसीलमध्ये नोकरीला होता. पोहे घेताना त्यानं हळूच विचारलं होतं, तिखट कोणी घातलं एवढं, आणि मी म्हणाले होते, मीच घातलं. तो हसला होता. मला तो आवडला होता. भाऊ वेडा आणि वर आत्याही वेडी, असं त्याच गावात कळलं तर कोण करणार होतं मला? एवढंच कारण होतं. भावाचं डोकं एका बाजूला, माझं लग्न एका बाजूला, आणि मी गप्प बसले.

परत येताना दादा खिडकीला डोकं टेकून झोपला होता. काटोल मागे पडल्यावर मी बाबांना म्हणाले, "आत्याच्या गोळीचं सांगायचं होतं का?"

बाबांनी झोपलेल्या दादाकडे पाहिलं. मग म्हणाले, "ते त्या घरचं आहे. आणि तुह्यं पक्कं होऊ दे आधी. मग पाहू."

मला केवढं हायसं वाटलं म्हणून सांगू. बाबांनी माझ्या खांद्यावरचं काढून आपल्या खांद्यावर घेतलं, आणि मी घेऊ दिलं.

डॉक्टरांनी आजाराचं नाव स्किझोफ्रेनिया लिहिलं. त्यांचा काय दोष? समोर चोवीस-पंचवीस वर्षांचा पोरगा, कानात आवाज ऐकणारा, आणि घरात कोणाला काही नाही. त्यांनी त्या आजाराची औषधं दिली. गोळ्या, मग महिन्याचं इंजेक्शन, मग दोनदा शॉक. दादा शांत झाला. इतका शांत झाला की त्याला चहा दिला की तो कपाकडे पाहत राहायचा, पी म्हटलं की प्यायचा. मान लाकडासारखी ताठ, चालताना पाय फरफटत. एवढं होऊनही वर्षातून एकदा झोप उडायचीच आणि एकदा तो भिंतीकडे वळायचाच.

त्र्याऐंशीत माझं लग्न झालं. मुंडावळ्या बांधून मी बाहेर आले तेव्हा दादा मांडवात नव्हता. त्याला मोहगावला एका नातेवाइकाच्या मळ्यात नेऊन ठेवलं होतं आणि वऱ्हाडाला सांगितलं होतं की तो ट्रेनिंगला गेला आहे. नवऱ्या मुलाचा कान पिळायला भाऊ लागतो. चुलतभावानं पिळला, लोक हसले, मीही हसले. वेणी घालणारा माझा भाऊ पंधरा कोसांवर संत्र्याच्या झाडाखाली बसून होता, आणि कोणाचं लग्न आहे हे त्याला सांगितलंही नव्हतं.

लग्नानंतर तरी बोलायचं होतं की नाही? बाबांचं 'मग पाहू' कधी उजाडलंच नाही. लग्नाआधी लग्न होऊ दे, लग्नानंतर सासरी कळेल, लेकरू झाल्यावर लेकराला नावं ठेवतील. भीतीला काय, दर वर्षी नवीन कारण सापडतं. माहेरी गेले की दादाला पाहून मी रडायची, आणि सौंसरला परतल्यावर आत्याकडे जाऊन लोणच्याच्या गोष्टी करायची. एकदा मी त्याच्या हातात खडू देऊन म्हटलं, दादा, गोल काढ ना. तो काढायला लागला. हात इतका थरथरत होता की खडूचे तुकडे झाले. त्याच सुमारास त्याचं तोंड हलायला लागलं. जबडा सारखा चावल्यासारखा चालायचा, जीभ आत-बाहेर व्हायची, त्याला कळायचंही नाही. गल्लीतली पोरं त्याला पाहून तसं करायची. शाळेनं त्याच्या जागी दुसरा मास्तर घेतला.

हे असं चाललं ते सत्त्याऐंशीच्या मे महिन्यापर्यंत, आणि मग आत्याचं वरण अळणी झालं.

आत्याची सून गुणाची पोर. सासूवर खरोखर जीव होता तिचा. तिला कोणीतरी सांगितलं की बीपीच्या माणसाला मीठ म्हणजे वैरी. झालं, तिनं सासूचं वरण वेगळं शिजवायला घेतलं, मिठाशिवाय. भाजी मिठाशिवाय, भाकरीत मीठ नाही, लोणचं फडताळात वर ठेवलं. ज्या बाईच्या हाताची लोणची सगळ्या मोहल्ल्यानं खाल्ली, तिच्या ताटात लोणचं नाही. आत्याला डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं की या गोळीवर मीठ सोडायचं नाही आणि पाणी कमी करायचं नाही, नाहीतर गोळी रक्तात साचते. पण सुनेला कसं सांगणार? बीपी नाही म्हणावं तर मग गोळी कशाची? ती बिचारी पदराच्या गाठीत मिठाची पुडी बांधून ठेवायची आणि जेवताना चोरून शिंपडायची. सुनेला धुण्यात ती पुडी सापडली. ती मला घरी येऊन सांगत होती, डोळ्यांत पाणी आणून, "लहान पोरावाणी करून राहिल्या आई. जीव जाईल म्हटलं तं ऐकत नाई. आता मी समोर बसूनच जेवू घालतो."

मी ऐकून घेतलं. मिठाचा आणि गोळीचा काही संबंध असतो हे मला माहीत नव्हतं, हे देवाशपथ खरं. पण बीपी नाही हे तर माहीत होतं. तिला अळणी खायची गरज नाही एवढं तरी मी सांगू शकत होते. मी म्हणाले, "तुह्यासारखी सून सगळ्याईले भेटो."

वर ऊन असं की दुपारी रस्त्यावर कुत्रं नाही. घामानं अंगातलं होतं तेही मीठ गेलं. आधी आत्याचे हात थरथरायला लागले, मग उलट्या, मग ती दारू प्यायल्यासारखी भिंत धरून चालायला लागली, बोलणं जड झालं. सौंसरच्या डॉक्टरांनी बीपी मोजला तर तो ठणठणीत. त्यांनी गोळीचं पाकीट मागितलं, वाचलं, आणि आत्याच्या मुलाला म्हणाले, आत्ताच्या आत्ता नागपूरला न्या, आणि ज्यांनी ही गोळी दिली त्यांनाच दाखवा.

मी सोबत गेले. बाबांना निरोप धाडला, ते पांढुर्ण्याहून थेट तिथं आले. आत्याच्या हाताला सलाइन लागलं होतं. रक्तात गोळी दुपटीवर गेली होती, पण वेळेत आणलं, वाचेल, असं डॉक्टर सांगत होते. तेवढ्यात त्यांनी दारातल्या बाबांना पाहिलं. पाच वर्षं दर महिन्याला भेटणारा माणूस, ओळखणारच.

"मास्तर, तुम्ही इथं कसे?"

बाबा म्हणाले, "माही बहीण आहे."

डॉक्टरांनी आत्याकडे आणि परत बाबांकडे पाहिलं. मग त्यांनी आम्हाला आपल्या खोलीत नेलं, कपाटातून दोन फायली काढल्या आणि टेबलावर शेजारी ठेवल्या. दोन आडनावं, दोन गावं. एकाच कपाटात पाच वर्षं होत्या.

"मी विचारलं होतं तुम्हाला," ते म्हणाले.

"तुम्ही घरात विचारलं होतं," बाबा म्हणाले. "ते दिलेली लेक आहे."

डॉक्टर रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. शाळेतल्या पोराला सांगावं तसं त्यांनी हेडमास्तरांना सांगितलं. "मास्तर, लेक दिली तरी रक्त दिलं जात नाही. हा आजार रक्तातून येतोच असं नाही, पण त्याचा ओढा येतो. आणि नुसता आजाराचाच येतो असं नाही. एखादं औषध एखाद्या रक्ताला मानवतं. आत्याला या गोळीनं एवढा गुण आला, तर भाच्याला यायची आशा इतरांपेक्षा जास्त. आशा म्हणतो, खात्री नाही म्हणत. पण त्या दिवशी मला कळलं असतं तर आजाराचं नावही मी वेगळं लिहिलं असतं आणि आधी हीच गोळी देऊन पाहिली असती."

बाबांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. ते टोपीची घडी घालत राहिले. डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. पहिल्या दिवशी मीही त्याच खुर्चीत होते हे ते विसरले असावेत, आणि मला त्याचं बरं वाटलं.

आत्या पंधरा दिवसांनी घरी आली. सुनेला कळलं, सगळ्यांना कळलं. सून रडली आणि म्हणाली, "आई, आधी सांगतलं असतं तं मी काय हाकलून देत होती तुमाले?" गल्लीत दोन महिने कुजबूज झाली, मग कोणाची तरी पोरगी पळून गेली आणि लोकांना नवीन विषय मिळाला. माझ्या सासूबाई म्हणाल्या, "असते बापा, कोणाले काही, कोणाले काही," आणि भाजी निवडत राहिल्या. ज्याला आम्ही पाच वर्षं घाबरलो, ते एवढंच होतं.

दादाला ती गोळी सुरू झाली. रक्त तपासायचं, मात्रा वाढवायची, पुन्हा तपासायचं. पावसाळाभर हेच चाललं. दिवाळीच्या आधी तो एका सकाळी उठला, स्वतः आंघोळ केली आणि बाबांना म्हणाला, माही सायकल कुठं आहे? त्या दिवसानंतर ना कधी त्याची झोप उडाली, ना कधी तो भिंतीकडे वळला. आधीची औषधं हळूहळू बंद झाली, मान सैल झाली, पाय उचलून चालायला लागला. बोलणं तेच जुनं, थट्टा तीच. तो परत आला होता, अगदी पुरता.

तोंड मात्र थांबलं नाही. आधीच्या औषधांनी झालेलं आहे, डॉक्टर म्हणाले, कदाचित जाईल, कदाचित नाही. गेलं नाही. शाळेत तो पुन्हा अर्ज घेऊन गेला. त्याच्याशी पाच मिनिटं बोललं तर कळत होतं की माणूस शहाणा आहे, पण ती पाच मिनिटं कोण देणार? सारखा जबडा चालणाऱ्या मास्तराला पोरांसमोर कोण उभं करणार? त्याला हो कोणीच म्हणालं नाही. घरी शिकवणी लावली तर दोन पोरं आली आणि हसू आवरेना म्हणून आठवड्यानं यायची बंद झाली. वेडा होता तेव्हा त्याला यातलं काही कळत नव्हतं. आता सगळं कळत होतं.

अठ्ठ्याऐंशीच्या उन्हाळ्यात तो बसनं सौंसरला माझ्याकडे आला. मी ओसरीत गहू निवडत होते. पाणी प्यायला आणि समोर बसला.

"बाबाले विचारलं मी," तो म्हणाला. "आत्याच्या गोळीचं माहीत होतं का म्हणून. होतं म्हणे. पहिल्या दिवसापासून."

मी सूप खाली ठेवलं नाही.

"काहून नाई सांगतलं विचारलं तं चूप. डॉक्टरनं विचारलं होतं म्हणते, तरी नाई सांगतलं. मले नसतं सांगतलं तं चाललं असतं, मी कोणत्या शुद्धीत होतो. पण त्या माणसाले तरी सांगायचं होतं. पाह्य हे तोंड माहं." त्यानं दोन्ही हातांनी आपला जबडा धरला. तळहाताखालीही तो हलत होता. मग त्यानं विचारलं, "तुले माहीत होतं का?"

अजून कोणी मला मध्येच हाक मारली की मला वाटतं तोच प्रश्न येतो आहे. आत माझं लेकरू झोपलं होतं.

"नाई," मी म्हणाले.

"मले वाटलंच," दादा म्हणाला. "तुले माहीत असतं तं तू त्या डॉक्टरच्या तोंडावर बोलली असती. तुह्या पोटात राहतेच कुठं काही." आणि तो हसला. दोन भाकरी खाल्ल्या, लेकराला खेळवलं आणि चारच्या बसनं गेला.

त्या दिवसापासून तो बाबांशी बोलला नाही. एका घरात दोघंच. बाबा चहा करून ठेवायचे, तो प्यायचा, कप विसळून ठेवायचा, शब्द नाही. बाबा रिटायर झाले होते, त्यांना दिवसभर घरीच असायचं. मी माहेरी गेले की दादा माझ्याशी घडाघडा बोलायचा आणि बाबा पलीकडच्या खोलीत पेपर वाचत बसायचे. मी रोज ठरवायची, आज सांगते. पोहे करून दोघांसमोर ठेवायची आणि परत यायची.

एकदा बाबा सौंसरला आले. जेवणं झाल्यावर म्हणाले, "त्यानं विचारलं होतं का तुले?"

"हो."

"काय सांगतलं तू?"

"नाई म्हटलं."

मला वाटलं ते आता बोलतील, बोलायलाच हवं होतं त्यांनी. ते सुपारी कातरत होते. कातरून झाली, तोंडात टाकली.

"बरं केलं," बाबा म्हणाले. "त्याले कोणीतरी पायजे आपलं."

एकोणनव्वदच्या हिवाळ्यात बाबा गेले, बसल्या जागी. दादानं अग्नी दिला, सगळं विधिवत केलं, पण डोळ्यांतून टिपूस काढलं नाही. तिसऱ्या दिवशी राख सावडून आल्यावर तो अंगणात हात-पाय धूत होता. मी टॉवेल घेऊन उभी होते. त्यानं तोंड पुसलं, आणि लहानपणी वेणी घालून झाल्यावर ठेवायचा तसा माझ्या डोक्यावर हात ठेवला.

"माह्या बाजूनं तू एकटीच होती," तो म्हणाला.

मी हो म्हणाले. त्यानंतर दादा अकरा वर्षं जगला, दर महिन्याला माझ्याकडे आला, आणि मी त्याला जेवू घातलं.